पाळणाघरातली तान्ह्यांची झोप: झोळी, राईची उशी, गादी आणि दुपारची पाळी

अनुपमाके

पाळणाघरासाठी झोपेची लेखी नियमावली करते आहे. ४ ते १२ महिन्यांची ६ बाळं, २ मावशी, झोपायची खोली १२ बाय १४ फूट, एक खिडकी, पंखा आणि एसी. कच्चा मसुदा असा:

१. दर झोपेला बाळ उताणंच ठेवायचं. कुशीवर नाही, पालथं नाही.
२. प्रत्येकाची गादी वेगळी. एका गादीवर दोन बाळं नाहीत, मावशीसुद्धा शेजारी आडवी होणार नाही.
३. गादीवर फक्त ताणून बसवलेली चादर. उशी, लोड, गोधडी, मऊ खेळणी काही नाही.
४. झोपताना लाळेरं, टोपडं, गळ्यातला काळा दोरा, साखळी काढायची.
५. अधूनमधून पाहणी.

अडलेल्या गोष्टी चार. निम्म्या बाळांना घरी झोळीची सवय आहे. आज्या राईची उशी पिशवीत घालून पाठवतात. गाद्या रांगेनं जमिनीवर घालाव्यात की लाकडी पाळणे घ्यावेत? आणि ‘अधूनमधून’ म्हणजे नेमकं किती मिनिटांनी? चुका दाखवा, कौतुक नको.

शिशुवैद्य

मसुदा बरा आहे, पण पहिल्या नियमाचं कारण मावशींना कळलं नाही तर तो टिकणार नाही. आठव्या दिवशी एखादं बाळ रडेल, कोणीतरी त्याला पालथं टाकेल, ते गाढ झोपेल आणि ‘युक्ती’ सापडली म्हणून सगळे खूश होतील. पालथं बाळ गाढ झोपतं हे खरंच आहे. धोकाही त्यातच आहे. त्या अवस्थेत बाळ सहज जागं होत नाही. तोंड गादीत गेलं की सोडलेलीच हवा पुन्हा आत घेतली जाते. मोठं मूल अशा वेळी चुळबुळ करून मान वळवतं. तीन महिन्यांचं बाळ ते करेलच असं नाही.

झोपेतल्या अशा अचानक मृत्यूंचा काळ मुख्यतः १ ते ४ महिन्यांचा, आणि ९० टक्के मृत्यू सहा महिन्यांच्या आत होतात. अमेरिकेत १९९२ साली पालथं न झोपवायचा सल्ला निघाला आणि १९९४ पासून उताणं झोपवायची मोहीम चालली. नव्वदच्या दशकात तिथलं या मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. औषध नाही, यंत्र नाही, फक्त झोपवायची पद्धत बदलली.

पाळणाघरवाल्यांनी एक गोष्ट भिंतीवर लिहावी. घरी कायम उताणं झोपणारं बाळ पहिल्यांदाच पालथं ठेवलं तर धोका सुमारे १८ पटींपर्यंत जातो, म्हणजे सवयीनं पालथं झोपणाऱ्या बाळापेक्षाही जास्त. अमेरिकेतल्या ११ राज्यांच्या १९९५ ते १९९७ च्या नोंदी तपासल्या तेव्हा अशा मृत्यूंपैकी सुमारे २० टक्के मृत्यू पाळणाघरात किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे झालेले दिसले. त्यातले एक तृतीयांश पहिल्या आठवड्यातले, आणि त्यातलेही निम्मे पहिल्याच दिवशीचे. नवं बाळ, नवी जागा, नवे हात आणि घरच्यापेक्षा वेगळी पद्धत.

ठमाकाकू

उताणं बाळ दूध ओकलं तर ठसका लागून जीव जाईल, हे आम्ही पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. याला उत्तर द्या. नाहीतर सासूबाई ऐकणार नाहीत.

शिशुवैद्य

काकू, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. श्वासनलिका पुढच्या बाजूला असते, अन्ननलिका तिच्या मागे. बाळ उताणं असलं की श्वासनलिका वर येते आणि अन्ननलिका खाली राहते. वर आलेलं दूध खालच्या नळीच्या तोंडाशी थांबतं. श्वासनलिकेत शिरायचं तर त्याला चढ चढावा लागतो, आणि बाळ तेवढ्यात गिळतं किंवा खोकतं. पालथं केलं की उलट होतं. अन्ननलिका वर, श्वासनलिका खाली, म्हणजे दुधाला उतार मिळतो. ज्या देशांत सगळ्यांनी उताणं झोपवायला सुरुवात केली तिथे ठसका लागून होणारे मृत्यू वाढलेले नाहीत.

कुशीवर ठेवणं हा मधला मार्ग वाटतो, पण कुशीवरचं बाळ पालथं व्हायला अर्धा वळसाच लागतो. म्हणून तोही नको.

दूध वर येतं म्हणून गादीखाली टॉवेलची गुंडाळी घालून डोक्याकडची बाजू उचलू नका. बाळ घसरून खाली येतं, मान दुमडते आणि हनुवटी छातीला लागते. पाजल्यावर ढेकर काढा, १५-२० मिनिटं उभं खांद्याशी धरा, मग सपाट गादीवर ठेवा. तोंडात बाटली देऊन, तिला दुपट्याचा टेकू लावून निघून जाणं मात्र साफ बंद.

सुतारपक्षी

गादी आणि पाळण्याचं सांगतो.

आधी जागेचा हिशोब. दोन गाद्यांमध्ये ३ फूट अंतर हवं, म्हणजे मावशी बसून दोन्हीकडे हात पोचवू शकते आणि एकाची सर्दी लगेच दुसऱ्याला जात नाही. गादी २ बाय ४ फुटांची धरली तर १४ फुटी भिंतीला तीन गाद्या डोकं लावून, मधे तीन-तीन फूट, म्हणजे १२ फूट. दोन्ही टोकांना एकेक फूट उरतो. समोरच्या भिंतीला तशाच तीन. मधे चार फुटांची वाट. म्हणजे तुमच्या खोलीत सहा बसतात, सातवं बसत नाही. कपाट खोलीबाहेर न्या. दार त्या वाटेच्या तोंडाशीच उघडायला हवं, नाहीतर रोज एका गादीवर आपटेल. खिडकीच्या भिंतीला गाद्या लावणार असाल तर पडदे आखूड करा आणि पडद्याची दोरी वर गुंडाळून खिळ्याला बांधा. खाली लोंबणारी दोरी उभं राहू लागलेल्या बाळाच्या हाताला बरोबर लागते.

गादी कापसाची नको. पिंजून आणली तरी महिन्या-दोन महिन्यांत मधे खड्डा पडतो आणि कडेला गोळे होतात. काथ्याची किंवा घट्ट फोमची दोन-तीन इंची गादी घ्या. तळवा जोरात दाबून उचला. जागा लगेच सपाट झाली तर ठीक, हाताचा ठसा राहिला तर ती गादी मोठ्यांच्या वर्गात द्या. मेणकापड घालायचंच असेल तर गादीला खोळीसारखं शिवून घ्या, वर चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली चादर. चादरीखाली सुटा प्लॅस्टिकचा तुकडा ठेवू नका. तो सरकतो आणि सकाळी पायाशी असलेला दुपारी तोंडाशी येतो.

लाकडी पाळणा घेणार असाल तर गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर धड बाहेर निसटतं आणि डोकं अडकतं. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटं जात असतील तर गादी लहान आहे, बदला. त्या फटीत दुपटी कोंबून ‘जमवणं’ हा सगळ्यात वाईट उपाय. कोपऱ्याला वर आलेले लट्टू कापून घ्या, झबल्याचा गळा अडकतो. एका बाजूचा कठडा खाली सरकणारे पलंग अमेरिकेत २०११ पासून विकताच येत नाहीत, कारण खटका ढिला झाला की फट पडते. इथे जुन्या बाजारात ते अजून दिसतात. आणि आजोबांच्या वेळचा पाळणा असेल तर त्याच्या रंगाकडे बघा. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. दात येणारं बाळ कठडाच चावतं.

झोके देणारा पाळणा असेल तर बाळ झोपल्यावर झोका बंद करून खुंटी लावा. कललेल्या पाळण्यात बाळ एका कडेला गोळा होतं.

माझं मत विचाराल तर पाळण्यांपेक्षा जमिनीवरच्या गाद्या बऱ्या. पडायची भीती नाही आणि मावशीची नजर एका पातळीवर राहते. फक्त रांगणारी मुलं त्या खोलीत येता कामा नयेत.

ठमाकाकू

कठड्याला आतून लावायच्या त्या कापसाच्या पट्ट्या? सुंदर दिसतात हो.

सुतारपक्षी

त्या फक्त दिसतातच. बाळ तोंड त्यांच्यात खुपसतं, नाहीतर बांधायच्या नाड्या गळ्याशी येतात. अमेरिकेत २०२२ साली कायदा करून त्या आणि १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेली झोपायची खुर्ची, दोन्हींवर बंदी आली. चिमणाळं टांगायचं तर हाताच्या टप्प्याबाहेर, आणि बाळ हातांवर उठायला लागलं की उतरवून ठेवा.

रेवाकाठ

झोळीबद्दल. इथे ‘वाईट’ म्हणून हात झटकले तर पालक दुखावतील, आणि झोळीचा उपयोग खरा आहे हे मान्य करायला हवं. बांधकामावर, उसाच्या फडावर, ओल्या जमिनीपासून आणि मुंग्या-विंचवांपासून बाळाला वर ठेवायला साडीच्या चार हातांइतकी स्वस्त सोय दुसरी नाही. तिथे आई हाताच्या अंतरावर असते. पाळणाघरात ती नसते.

झोळीत बाळ धनुष्यासारखं वाकतं. तान्ह्याचं डोकं शरीराच्या मानानं मोठं आणि मान लुळी, म्हणून हनुवटी छातीवर येते आणि मऊ श्वासनलिका दबते. आवाज होत नाही, बाळ रडत नाही. मग कापड. झोळी दोन्ही बाजूंनी तोंडावर मिटते, त्यामुळे बाहेरून बाळाचा रंगही दिसत नाही. तिसरा धोका मोठ्या मुलांचा. दोन-तीन वर्षांचं मूल रिकाम्या झोळीला पीळ देत खेळतं, पीळ गळ्याशी येतो. साडीच्या झोळीत गळफास बसून मुलं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. स्प्रिंग आणि लोखंडी चौकट असलेली विकतची झोळीही यातून सुटत नाही, उलट तिच्यात हुक सुटण्याची भर पडते.

तेव्हा पाळणाघरात झोळी नाही, रिकामी टांगलेलीसुद्धा नाही. सवय मोडायचा क्रम मात्र आखून ठेवा:

प्रवेशाच्या दोन आठवडे आधी घरी एक झोप, बहुतेक सकाळची, सपाट गादीवर सुरू करायला सांगा. रात्रीची झोळी त्या काळात चालू राहिली तरी रडारड कमी होते, पण सुटली पाहिजे हे पालकांना स्पष्ट सांगा.

पहिले तीन दिवस आई किंवा बाबा दुपारी तासभर थांबतील. झोपवताना कडेवर किंवा मांडीवर झुलवायला हरकत नाही. डोळे जड झाले, मूठ सैल पडली की गादीवर, आधी कुल्ले, मग पाठ, शेवटी डोकं. डोकं आधी टेकलं की बाळ दचकतं. दचकलं तर छातीवर तळवा नुसता ठेवा, दाबू नका, आणि तीच अंगाई चालू ठेवा. उचलायच्या आधी दोन मिनिटं थोपटून बघा.

पहिला आठवडा २०-३० मिनिटांच्याच झोपा होतील. ते आधीच पालकांना सांगून ठेवा, नाहीतर ‘तुमच्याकडे झोपतच नाही’ म्हणत तिसऱ्या दिवशी झोळी घेऊन येतील. बहुतेक बाळं आठ-दहा दिवसांत रुळतात.

बांधकामावरच्या पाळणाघरांसाठी (५० हून अधिक स्त्रिया कामावर असतील तर १९९६ च्या कायद्यानं ते बंधनकारक केलं होतं): फूटभर उंचीची लाकडी चौकट, तिच्यावर घट्ट गादी, चारी बाजूंना वरीलप्रमाणे गज. मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाल तर पाणी रोज बदला, नाहीतर डासांची सोय होते.

अनुपमाके

जागेचा हिशोब फारच कामाचा निघाला, मी आठ बाळांचा विचार करत होते. सहावरच थांबते. आता राईची उशी?

शिशुवैद्य

राईची उशी डोकं गोल व्हावं म्हणून देतात. मोहरी सरकते, खड्डा पडतो आणि बाळाचं डोकं एका जागी अडकतं. पुढे मान वळवता आली की तोंड त्या खड्ड्यात जातं. शिवण उसवली तर मोहरीचे दाणे नाकातोंडात जातात, तो वेगळाच प्रसंग. वर्षाच्या आत कुठलीच उशी नाही.

डोक्याची मागची बाजू चपटी होते ही तक्रार मात्र खरी आहे, आणि उताणं झोपवण्यामुळेच ती थोडी वाढली. दोन उपाय आहेत. बाळ उजेडाकडे, दाराकडे किंवा माणसांकडे तोंड करून झोपतं. म्हणून आज डोकं भिंतीकडे तर उद्या पाय भिंतीकडे, असं गादी न हलवता रोज बदला. आणि जागं असताना, कोणी समोर बसलेलं असताना पालथं खेळवा. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी ३ ते ५ मिनिटं. सात आठवड्यांपर्यंत दिवसाकाठी १५ ते ३० मिनिटं व्हायला हवीत. मान आणि खांदे बळकट होतात आणि बाळ पालथं पडायला लवकर शिकतं. पाळणाघरात हे वेळापत्रकात घाला, दूध पाजल्यानंतर लगेच नको. डोकं एकाच बाजूला वळत असेल तर डॉक्टरांना दाखवा, मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो.

उशी पिशवीतून परत पाठवताना चिठ्ठी जोडा: ‘उशी परत. पोटावरचा खेळ आज १२ मिनिटं.’ आजीला डोक्याची काळजी घेतली जाते आहे हे कळलं की वाद मिटतो.

पाळीवाली_ताई

ठीक आहे, पण बाळ स्वतःच पालथं झालं तर? सारखं उताणं करत बसायचं का?

शिशुवैद्य

नुसतं उताण्यावरून पालथं होता येत असेल, परतता येत नसेल, तर हो, परत उताणं करा. दोन्हीकडे सहज वळता येत असेल तर ठेवायचं उताणंच, पण झोपेत स्वतः वळलं तर तसंच राहू द्या. पालकांकडून फॉर्मवर लिहून घ्या: ‘दोन्ही बाजूंना वळतं: हो / नाही, तारीख’. आणि वळण्याची पहिली खूण दिसली, बहुधा ३-४ महिन्यांत, की दुपट्यात गुंडाळणं कायमचं बंद. गुंडाळलेलं बाळ पालथं झालं तर हात आत अडकलेले असतात, मान उचलायला टेकू नाही. पाळणाघरात चार महिन्यांपासून बाळं घेत असाल तर गुंडाळणं नियमातूनच काढून टाका, कोणाचं चालतं आणि कोणाचं नाही हे लक्षात ठेवत बसू नका. वाळूचे किंवा मण्यांचे वजनदार झोपायचे झगे हल्ली ऑनलाइन मिळतात. तेही नकोत.

सॅनहोजेकर

इथल्या पद्धतीची माहिती उपयोगी पडेल म्हणून देतो. कॅलिफोर्नियात २०२० च्या शेवटापासून पाळणाघरांना झोपेचे वेगळे नियम लागू आहेत. बारा महिन्यांच्या आतल्या प्रत्येक बाळासाठी झोपेचा छापील आराखडा भरून घेतात: कसं झोपतं, स्वतः वळतं का, चोखणी घेतं का. दोन वर्षांपर्यंतच्या झोपलेल्या मुलाला दर १५ मिनिटांनी प्रत्यक्ष जाऊन बघायचं आणि लिहायचं. उताण्याऐवजी दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं झोपवायचं असेल तर डॉक्टरांचं लेखी पत्र लागतं, पालकांची सही पुरत नाही.

माणसांचं प्रमाण बघा. इथे तान्ह्यांच्या खोलीत चार बाळांमागे एक मोठं माणूस. भारतात केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक. दहा तान्ही एका माणसाकडे म्हणजे पाहणी कागदावरच राहणार. अनुपमाताई, तुमचं तिनास एक हे प्रमाण कधीही ढिलं करू नका, प्रवेशासाठी रांग लागली तरी.

इथे बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) बरीच मराठी कुटुंबं घरगुती पाळणाघरांत मुलं ठेवतात. तिथे आजी व्हिसावर आलेली असते आणि ‘जरा कुशीवर ठेवा’ सांगते. सांभाळणारी बाई नियमावर बोट ठेवते. गोष्ट तिथेच संपते. लेखी नियमाचा हा फायदा.

पाळीवाली_ताई

१५ मिनिटं मला जास्त वाटतात. सहा महिन्यांखालच्यांना आणि नव्यांना पहिले दोन आठवडे दर १० मिनिटांनी. आणि ‘बघणं’ म्हणजे दारातून डोकावणं नाही. तक्त्यात हे रकाने हवेत: ठेवल्याची वेळ, पाहणीची वेळ, स्थिती (उ / कु / पा), छाती हलते का, ओठांचा रंग, मानेमागे घाम, सही. एका पाहणीला एका बाळामागे पंधरा-वीस सेकंद लागतात.

चुकतं कुठे ते सांगते. चार वाजता बसून सगळे रकाने एकदम भरले जातात. ओळखायचं कसं? वेळा २:००, २:१५, २:३० अशा गोल असतात. खऱ्या तक्त्यात २:०७, २:१६, २:२९ असं दिसतं. मोबाइलवर गजर लावा, तक्ता गादीजवळच्या भिंतीवर दोरीला पेन बांधून टांगा, ऑफिसात नको. दुसरी चूक जेवणाची. बाळं एक ते तीन झोपतात आणि मावशीही तेव्हाच एकत्र डबा उघडतात. पाळी लावा: एक जेवेल, एक झोपायच्या खोलीत आतच बसेल, खुर्ची ताठ पाठीची. सोफा नको. सोफ्यावर बाळ छातीवर घेऊन मावशीला डुलकी लागणं हा गादीपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे, बाळ कुशनच्या फटीत सरकतं.

कॅमेरा असेल तर असू द्या, पण कॅमेऱ्यात ओठांचा रंग दिसत नाही. खोली काळोखी करू नका, चेहऱ्याचा रंग कळेल इतका उजेड हवाच. पायात घालायचे, नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारे मोजे पाहणीच्या जागी धरू नका.

सॅनहोजेकर

+१. १० मिनिटं उत्तम. मी किमान सांगितलं होतं.

वऱ्हाडी_उन्हाळा

नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्याचं कोणी बोललं नाही. ब्रिटिश पुस्तकांत खोली १६ ते २० अंश लिहिलेली असते. मे महिन्यात इथे ती कुठून आणणार? अंगाचा अंदाज घ्या: मानेमागे आणि छातीला हात लावा. घाम किंवा कढत अंग म्हणजे कपडा उतरवा. हात-पाय गार असणं ही थंडीची खूण नव्हे, तान्ह्यांचे हातपाय गारच असतात. मोठ्या माणसाला जेवढे कपडे पुरतात त्याहून एक थर जास्त, त्यापुढे नाही. उन्हाळ्यात एक पातळ झबलं आणि लंगोट पुरे. टोपडं-कुंची घरात नकोच. बाळ उष्णता डोक्यातून सोडतं, त्यावर झाकण घालून चालत नाही.

पंखा चालू ठेवा, हवा खेळती राहते. कूलरचा झोत थेट अंगावर नको, आणि कूलर लावला की समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमटपणा कोंडतो. वीज गेली की पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांचे जास्तीचे कपडे काढा, इन्व्हर्टर नसेल तर बाळं मोकळ्या हवेशीर खोलीत हलवा.

थंडीत नाशिककडे लोक शेगडी किंवा कोळशाची धुरी ठेवतात. बंद खोलीत त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जाड झबलं चढवा, पांघरूण नको. डासांची कॉइलही बंद खोलीत नको. खिडकीला जाळी बसवा, तो एकदाचाच खर्च. छत्रीसारख्या मच्छरदाणीची तार वाकली की जाळी तोंडावर बसते, शिवाय तिच्यासोबत मऊ गादी आणि उशी शिवलेली येते. लावायचीच तर छताला टांगलेली, गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली.

औषधी

एक नियम राहिला: झोपेसाठी काहीही पाजायचं नाही. पालक सकाळी ‘सर्दीचं आहे, दुपारी अडीच मिली द्या’ म्हणून बाटली देतात आणि बाळ तीन तास झोपतं. त्या औषधांत बहुधा क्लोरफेनिरामाइन असतं, गुंगी त्याचीच. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापायचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं लिहूच नयेत असं कळवलं. तेव्हा डॉक्टरांची ताजी चिठ्ठी, औषधाचं नाव, मात्रा, वेळ, आणि आज सकाळी घरी दिलंय का, हे पाचही लिहिलेलं नसेल तर बाटली परत. औषध घेतलेल्या बाळाची पाहणी दर पाच मिनिटांनी.

जायफळ उगाळून चाटवणं हा याचाच घरगुती अवतार. उगाळलेल्या रेषा मोजून मात्रा ठरत नाही. आपल्याकडे हा इतिहास जुना आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणगावात आया कामावर जाताना तान्ह्यांना अफूची बाळागोळी देत, कारण पाळणाघरं फार थोडी होती. बाळ शांत राहायचं. पाळणाघर असताना तेच चालू ठेवण्यात अर्थ नाही.

सकाळी प्रवेशाच्या दारात रोज तीन प्रश्न: रात्री कसं झोपलं, काही औषध दिलं का, ताप किंवा लस आहे का. लस घेतलेल्या दिवशी बाळ येणार असेल तर जास्तीचे कपडे घालू नका, ताप कपड्यांत कोंडतो. लसींमुळे झोपेतले मृत्यू वाढत नाहीत, लसीकरण झालेल्या बाळांत ते कमी दिसतात. म्हणून डोस चुकवू नका.

ठमाकाकू

चोखणी? आणि गाडीतून येतानाच झोपलेलं बाळ?

शिशुवैद्य

चोखणी झोपताना दिल्यानं धोका थोडा कमी होतो असं दिसलं आहे, पण स्तनपान नीट बसल्याशिवाय देऊ नये. पाळणाघरात द्यायचीच तर प्रत्येकाची वेगळी, नाव लिहिलेली, दोरी किंवा क्लिप नसलेली. झोपेत पडली तर पुन्हा तोंडात घालू नका. नको असेल त्या बाळावर सक्ती नाही.

कार-सीट, बाबागाडी किंवा पोटाशी बांधलेल्या कापडात झोपून आलेलं बाळ दारातच बाहेर काढून उताणं गादीवर. ‘उठेल’ म्हणून खुर्चीतच ठेवणं ही पाळणाघरातली फार सामान्य चूक आहे. गाडीत ती खुर्ची ठरावीक कोनात बसवलेली असते. जमिनीवर ठेवली की कोन बदलतो आणि मान पुढे पडते.

अनुपमाके

शेवटचा प्रश्न. एखादं बाळ हाक मारून, पायाला टिचकी मारूनही हललं नाही तर मावशींनी काय करायचं? सहा ओळींत हवं, भिंतीवर लावायला.

शिशुवैद्य

१. तळपायाला टिचकी मारा, मोठ्यानं हाक मारा. श्वास बघायला १० सेकंदांपेक्षा जास्त नाही.
२. दुसरी मावशी १०८ लावून स्पीकरवर ठेवेल, पत्ता आणि जवळची खूण भिंतीवर लिहिलेली असेल. एकटीच असाल तर स्पीकर लावून लगेच सुरू करा.
३. कडक पृष्ठभागावर, जमिनीवर चालेल. स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, छातीच्या मधोमध दोन अंगठे, बाकी बोटं पाठीमागे. हात पुरत नसतील तर एका तळव्याची टाच.
४. छाती एक तृतीयांश खोल, सुमारे ४ सेंमी, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्या.
५. ३० दाबांनंतर २ श्वास: बाळाचं नाक-तोंड दोन्ही आपल्या तोंडात, डोकं सरळ, फार मागे नाही, गालातल्या हवेचीच फुंकर, छाती उचललेली दिसेपर्यंत. दोघी प्रशिक्षित असाल तर १५ दाब, २ श्वास.
६. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा बाळ हलेपर्यंत थांबू नका.

हे वाचून येत नाही. बाहुलीवर हात बसवून घ्या आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा करा.

पाळीवाली_ताई

आणि झोपायच्या खोलीच्या दाराची आतली आणि बाहेरची, दोन्ही कड्या काढून टाका. दार लोटलं की उघडलं पाहिजे, हातात बाळ असतानासुद्धा.